तीन नावांच्या गोळ्या, आत एकच औषध

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: पॅरासिटामॉल असलेल्या तुमच्या गोळ्यांवरील अपुरी सूचना व हेल्पलाइनचे उत्तर

महोदय,

माझ्या सासूबाई सोलापूरजवळ कुंभारीच्या वसाहतीत राहतात. मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात त्यांचा जन्म गेला, त्यामुळे मान-कंबर कायमची धरलेली. डॉक्टरांनी तुमची एसेक्लोफेनॅक (दुखणं-सूज कमी करणारं औषध) आणि पॅरासिटामॉलची गोळी दोन वेळा, जेवणानंतर लिहून दिली. मध्येच सर्दी-ताप आला, म्हणून घरच्यांनी दुकानातून सर्दीची आणि तापाची गोळी आणली. तिन्ही तुमच्याच कंपनीच्या, नावं तीन, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल!

हिशेब करा. दुखण्याच्या गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, तशा दोन म्हणजे ६५०, सर्दीच्या ५०० च्या तीन म्हणजे १५००, तापाच्या ६५० च्या तीन म्हणजे १९५०. झाले ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट माणसालाही दिवसाला ४००० च्या वर जायचं नसतं, लिव्हरला धोका असतो. सासूबाई तर अंगाने अगदीच किरकोळ. नेहमीच्या औषध दुकानदाराने वेळीच अडवलं म्हणून बरं. तुमची स्ट्रिप वाचून आम्हाला ते कधीच कळलं नसतं. ब्रँडचं नाव ठसठशीत, घटक मात्र चकाकत्या फॉइलवर मुंगीच्या अक्षरात, तेही इंग्रजीत. सासूबाईंना तेलुगू आणि मराठी येतं. शिवाय दुकानात चार गोळ्या कापून दिल्या की उरलेल्या तुकड्यावर नावही धड राहत नाही.

तुमच्या हेल्पलाइनवर दोनच गोष्टी विचारल्या. या तिन्ही एकत्र चालतात का? आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे, उन्हाळ्यात पाणी कमी पडतं, तर एसेक्लोफेनॅकमुळे किडनीवर ताण येईल का? पलीकडून बॅच नंबर विचारला आणि "डॉक्टरांना विचारा" म्हणून फोन ठेवला. डॉक्टरांना आम्ही विचारणारच. पण तुमच्या तिन्ही गोळ्यांत एकच औषध आहे, एवढंही तुम्हाला सांगता येऊ नये? फोनवरच्या मुलीला बोल लावत नाही, तिला दिलेल्या कागदावर तेवढंच असणार.

प्रत्येक गोळीच्या मागे "यात पॅरासिटामॉल आहे, दुसऱ्या गोळीतही आहे का पाहा" असं मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापा. कापलेल्या तुकड्यावरही ते राहिलं पाहिजे. हेल्पलाइनवर औषधशास्त्र शिकलेला माणूस बसवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हेच पत्र अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात देईन.

आपली,
एक ग्राहक, सोलापूर

सोबत: तिन्ही स्ट्रिपचे फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, दुकानाचं बिल