डडलीहून (इंग्लंड), ऐरणीबद्दल

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. नोकरी, खोली, डाळभात सगळं तेच, ते फोनवर होतंच. पत्र मुद्दाम लिहितेय, कारण फोनवर काका मधेच बोलतात आणि माझं राहून जातं.

आजोबांची ऐरण एमआयडीसीत नेऊन वरून मिलिंग करून आणायची, म्हणजे मशीनवर वरचा थर कापून सपाट करायची, असं काका म्हणाले. बाबा, त्यांना थांबवा. भंगारात घातली तरी एवढं नुकसान नाही!

शनिवारी मी इथल्या एका म्हाताऱ्या लोहाराकडे जाते. त्यांच्याकडे पीटर राइटची जुनी ऐरण नीट करायला आली आहे. हे ऐरणी बनवणारे पीटर राइट डडलीचेच. अंगावर 1-2-10 असे आकडे आहेत, ते वजन. पहिला आकडा 112 पौंडांचा, दुसरा 28 पौंडांचा, तिसरा सुटे पौंड. मिळून 178, म्हणजे साधारण 81 किलो. तर या ऐरणीचं अंग घडीव लोखंडाचं, मऊ. वर जेमतेम अर्ध्या इंचाची पोलादी पट्टी, भट्टीत तापवून ठोकून जोडलेली आणि पाणी देऊन कडक केलेली. ऐरण म्हणजे ती पट्टीच, खालचं नुसतं वजन. मिलिंगवाला खड्डे जाईपर्यंत कापत राहतो. आरशासारखी दिसते खरी, पण पट्टी पातळ होते आणि मग घणाखाली दबते. वेल्डिंगने खड्डे भरायचे तर आधी सगळी ऐरण दोनशे अंशांच्या आसपास तापवावी लागते. थंड ऐरणीवर वेल्डिंगचा रॉड चालवला की टाक्याशेजारीच चीर पडते.

आम्ही केलं ते फार थोडं. तारेच्या ब्रशने गंज काढला, फुलून बाहेर आलेली कड घासून गोल केली, जवसाचं तेल पुसलं. कड धारदार असेल तर तापल्या लोखंडात चर पडतो, त्यावर घडी बसते आणि तिथेच पुढे तुटतं. मधला झोलही ठेवलाय. वाकडी पट्टी सरळ करायला तो लागतोच.

तुम्ही एवढंच करा: ट्रॅक्टरच्या बेअरिंगमधली मोठी गोळी दहा इंचांवरून ऐरणीवर सोडा. सात-आठ इंच उसळली तर पोलाद उत्तम आहे. एखाद्याच जागी मेल्यासारखी पडली, तर तिथे पट्टी सुटली असेल. तसं असेल तर मला कळवा, कुणाला हात लावू देऊ नका.

आई, इथली एक गंमत. वर्कशॉपमध्ये कुणी एकट्यापुरता चहा करत नाही. तहान लागली म्हणून उठलात की सगळ्यांना विचारायचं. कुणाला दूध किती, साखर किती, पिशवी कपात किती वेळ, हे पाठ पाहिजे. भिंतीवर तक्ता लावलाय! शिवाय ज्याने घेतला त्याने पुढच्या वेळी करायचा. त्यामुळे माणसं घसा कोरडा पडला तरी "नको" म्हणतात, कारण हो म्हटलं की पाळी आली. आणि कुणी चुकवली तर तोंडावर एक शब्द नाही, पण महिनाभर लक्षात ठेवतात. आपल्याकडे आल्यागेल्याला न विचारता चहा मिळतो, हे यांना कसं सांगू?

हाताला घट्टे पडलेत ते व्हिडिओ कॉलवर दिसले म्हणून तू रडलीस, असं चिंट्या म्हणाला. हातमोजे, चष्मा, कानात बोळे, सगळं घालते गं. आणि बाबांचे हात तू लग्नाआधी पाहिले होतेसच की.

पैसे सोमवारी टाकलेत. त्यातून बाबांचं मोतीबिंदूचं आधी करा, पावसाळ्याची वाट बघू नका. मी तिथे असायला हवी होते, मला कळतं.

पुण्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. चांगला दिसतो. पत्रिका जुळते म्हणालात, तर त्यांना इतकंच सांगा की मी अजून वर्षभर इथे आहे. नाही म्हणत नाहीये.

चिंट्याच्या लग्नाचं तिकीट अजून काढलेलं नाही. महाग आहे हे खरं, पण खरं कारण रजा. हळदीला नाही जमलं तरी लग्नाला पोचेन असं बघते. त्याला एवढ्यात सांगू नका.

तुमची,
मनू

ता. क. हॉलचा अ‍ॅडव्हान्स मी पाठवलेल्यातूनच भरा. काकांकडून उसने घेऊ नका.