दुपारी दुकान बंद करून आलेल्या काकांचे आभार
आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आमच्याकडे रोज दोन-तीन चादरी धुवायला निघतात. गेल्या आठवड्यात वॉशिंग मशीन सुरू केलं तर नुसती घरघर, आत पाण्याचा थेंब नाही. कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार. फोनवरच्या एका मेकॅनिकने न बघताच 'पाणी आत सोडणारा वॉल्व्ह गेला' म्हणून सांगून टाकलं.

तोच वॉल्व्ह विचारायला कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या काकांनी उलट मलाच विचारलं, "सोसायटीची टाकी धुतली का एवढ्यात?" धुतली होती, परवाच.

एक वाजता शटर ओढून (पुण्यात दुपारची झोप सोडून कोण येतं हो!) काका पक्कड घेऊन घरी आले. प्लग काढला, नळ बंद केला, पाइप सोडवून बादलीत धरला आणि नळ उघडला. पाणी धो-धो. म्हणजे नळ, पाइप ठीक. मग पाइप मशीनला जोडतो तिथल्या तोंडातून त्यांनी पकडीने अलगद एक जाळी ओढली. अंगठ्याच्या पेराएवढी, टाकीतून आलेल्या गाळाने पार बुजलेली. जुन्या टूथब्रशने ती घासली, पुन्हा बसवली, पाइपचा चिरलेला वॉशर बदलला. बटण दाबल्यावर पाणी पडल्याचा आवाज ऐकून आई आतून म्हणाली, "आलं गं!"

पैसे? फक्त वॉशरचे. वॉल्व्ह विकायची आयती संधी होती. उलट जाताना आईशेजारी पाच मिनिटं बसले, पाठीला वारं लागावं म्हणून उशी नीट करून गेले.

काका, नाव विचारायचं राहिलंच. मनापासून आभार.