माफी म्हणजे मोकळीक नव्हे

महोदय,
ख्रिस्ताच्या बलिदानाने पापे माफ होतात, म्हणजे मग वाटेल ते करायला रान मोकळे, असा टोमणा अनेकदा ऐकू येतो. तो मारणाऱ्यांनी बायबलमधला लेवीय पुस्तकाचा 16वा अध्याय एकदा वाचावा. प्राचीन इस्राएली लोकांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांसाठी दोन बकरे आणत. एकाचा बळी जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापे कबूल करी आणि त्याला रानात सोडून देत. हे दरवर्षी करावे लागे. बायबलच्या नव्या करारातील, इब्री (यहुदी) लोकांस लिहिलेल्या पत्रात मात्र स्पष्ट म्हटले आहे की बैलांच्या, बकऱ्यांच्या रक्ताने पाप जात नाही. ख्रिस्ताचे अर्पण एकदाच, कायमचे.

राहिला टोमणा. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचे का, हा प्रश्न ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच विचारून सपशेल निकालात काढला आहे. येशूने तर सांगितले, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्यावर भावाचा राग आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा आणि आधी त्याच्याशी समेट करून या.

– एक वाचक