जीपच्या अर्थिंगची पट्टी गंजरोधक लेपावर बसवून ग्राहकाला बॅटरी, सेल्फ आणि सोलेनॉइड विकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेल्या संभाषणानंतर पुन्हा फोन करण्याची माझी इच्छा उरलेली नाही, म्हणून हे पत्र. तक्रार आपल्याच कंपनीच्या जुन्या डिझेल जीपबद्दल आणि साताऱ्यातील आपल्या अधिकृत सेवा केंद्राने तिच्यावर केलेल्या कामाबद्दल आहे. गाडीची रचना मी आपल्याला समजावून सांगावी अशी अपेक्षा नसावी. ती आपणच केलेली आहे.

ही जीप पावसाळ्यात कास आणि बामणोलीच्या बाजूला नियमित जाते, म्हणून पावसाआधी तिच्या तळाला गंजरोधक लेप देण्यासाठी मी ती आपल्या केंद्रात सोडली होती. परत आणल्यापासून सकाळी चावी फिरवली की सोलेनॉइडचा (सेल्फला वीज जोडणाऱ्या स्विचचा) नुसता 'टक्' आवाज येई आणि सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जागचा हलत नसे. त्या वेळी हेडलाईट लावून पाहिले तर तेही मंद होत नसत. बॅटरी उतरली असेल तर सेल्फ मारताच दिवे पिवळे पडतात, हे जुनी गाडी बाळगणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. ही खूण मी पहिल्याच भेटीत सांगितली आणि ती जॉबकार्डावर लिहूनही घेतली गेली. तरीही पहिला इलाज म्हणून बॅटरीच बदलण्यात आली. जी बॅटरी खराब ठरवली, तिचा व्होल्टेज त्याच जॉबकार्डावर 12.6, म्हणजे भरलेल्या बॅटरीइतका, नोंदलेला आहे, आणि लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून केलेली तपासणी) केल्याची नोंद कुठेही नाही. जुनी बॅटरी परत मागितली असता ती बायबॅकमध्ये जमा झाल्याचे सांगण्यात आले.

त्यानंतर सेल्फ बदलला, नंतर सोलेनॉइड, नंतर इग्निशन स्विच. इंजिन गरम असताना केंद्राच्या आवारात गाडी एकदा चालू झाली की बिल हातात पडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलवावे लागे. शेवटी संपूर्ण वायरिंग हार्नेस बदलण्याचे अंदाजपत्रक मला देण्यात आले. त्याआधी मी अर्थिंगबद्दल, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीबद्दल, स्पष्ट विचारले होते. तेव्हा आपल्या तंत्रज्ञाने मल्टिमीटर बझरवर ठेवून तो वाजवून दाखवला आणि 'वाजतोय म्हणजे अर्थ ओके आहे' असा निर्वाळा दिला. बझर वाजायला विजेचा नुसता मागमूस पुरतो, तर डिझेल इंजिनचा सेल्फ शेकड्यांनी अँपिअर ओढतो. वाटेत अवघा 0.02 ओहमचा अडथळा असला तरी 200 अँपिअरला तेथेच 4 व्होल्ट खर्च होतात, म्हणजे 12 व्होल्टच्या गाडीतला एक तृतीयांश दाब वाटेतच संपतो. हा हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमापलीकडचा नाही आणि आपल्या अधिकृत तंत्रज्ञाला तो येत असावा, ही माझी अपेक्षा अवास्तव नव्हती.

दोष अखेर कोरेगाव रस्त्यावरच्या एका वायरमनने शोधला. त्यांनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरून मला सेल्फ मारायला सांगितले. काटा 4 व्होल्टच्या पुढे गेला. तेथे पाव व्होल्टदेखील दिसता कामा नये. दुसरी पिन चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ठेवल्यावर मात्र काटा जवळपास शून्यावर राहिला, म्हणजे बॅटरीपासून चॅसीपर्यंतची वाट ठीक होती आणि दोष चॅसी व इंजिन यांच्यामध्ये होता. त्यांनी जंपर केबलने निगेटिव्ह खांब थेट ब्लॉकला जोडला आणि सेल्फ पहिल्याच फटक्यात फिरला. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याचे अर्थिंग तांब्याच्या विणलेल्या पट्टीवर अवलंबून असते. ती पट्टी लेप देताना आपल्या माणसांनी सोडली आणि नंतर चॅसीवरच्या त्याच वीज न वाहणाऱ्या काळ्या लेपावर पुन्हा आवळून टाकली. बोल्टच्या आट्यांतून जेवढा संपर्क होत होता, तेवढ्यावर गाडी चालत होती. उरलेला प्रवाह इंजिन बंद करण्याच्या ओढकेबलमधून परतीची वाट शोधत होता, त्यामुळे त्या केबलचे प्लॅस्टिकचे आवरण डॅशबोर्डमागे वितळलेले सापडले. ते आणखी काही दिवस तसेच राहिले असते तर मला आपल्याकडे नव्हे, अग्निशामक दलाकडे पत्र पाठवावे लागले असते.

हे सर्व मी आज आपल्या ग्राहक सेवा प्रतिनिधीला सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न होता, 'सर, डॅशबोर्डवर कोणता एरर कोड येतोय?' या जीपच्या डॅशबोर्डवर एक अँपिअर मीटर, डिझेलचा काटा आणि ऑइलचा दिवा आहे, हे मी सांगितले. त्यावर कोडशिवाय विद्युत दोषाची तक्रार नोंदवता येत नाही, असे उत्तर मिळाले. थोड्या वेळाने त्यांना आढळले की माझ्या गाडीचे मॉडेल त्यांच्या यादीतच नाही. तेव्हा 'सर, जवळच्या मॉडेलवर टाकतो' असे म्हणून त्यांनी माझी तक्रार आपल्या बटण दाबून चालू होणाऱ्या एका नव्या गाडीच्या नावावर नोंदवली. मी वरिष्ठांशी बोलू देण्याची विनंती केली. वरिष्ठांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, 'सर, एवढी जुनी गाडी ठेवलीच कशाला? एक्सचेंजमध्ये देऊन टाका, चांगली ऑफर आहे.' फोन ठेवल्यावर लगेच मोबाईलवर संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यात आली असून, चावीतील सेल बदलून पाहावा. माझ्या जीपची चावी पितळेची आहे. महोदय, तिच्यात सेल कोठे बसवायचा हे आपल्या अभियंत्यांनी कृपया आकृतीसह कळवावे.

चांगली बॅटरी खराब ठरवून माझ्याकडून घेतली गेली, हे मी पुन्हा लिहितो, कारण आपल्या एकाही प्रतिनिधीने त्यावर अवाक्षर काढलेले नाही. बॅटरी, सेल्फ, सोलेनॉइड आणि इग्निशन स्विच यांची किंमत मजुरीसह परत करावी, वितळलेली ओढकेबल विनामूल्य बदलून द्यावी आणि लेपाच्या कामानंतर अर्थची पट्टी बसवताना धातू का घासला नाही याचा लेखी खुलासा करावा. 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी तक्रार दाखल करीन. ग्राहकाला तो स्वतः राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागण्याची मुभा या कायद्याने दिलेली आहे, त्यामुळे आपल्या प्रतिनिधींनाच साताऱ्याला हेलपाटे घालावे लागतील.

यवतेश्वरचा घाट भर पावसात चढणारी गाडी आपण एके काळी बनवली, याचा मला आजही अभिमान वाटतो. ती बनवणारी आणि आज फोन उचलणारी कंपनी एकच आहे, यावर मात्र विश्वास बसत नाही.

तक्रारदार,
शाहूपुरी, सातारा

सोबत: जॉबकार्ड व बिलांच्या प्रती, लेप लागलेल्या पट्टीचे आणि वितळलेल्या केबलचे छायाचित्र, आपला सेल बदलण्याविषयीचा संदेश.