नर्सिंगच्या वर्गात इंग्रजीचा शिक्षक द्या : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : आदिवासी भागातील नर्सिंग विद्यार्थिनींच्या इंग्रजीबाबत

महोदय,
सविनय नमस्कार.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी शिकवते. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा या पट्ट्यातल्या मुली आमच्याकडे येतात. घरी पावरी नाहीतर भिली, आश्रमशाळेत मराठी, आणि बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंगला नाव लागलं की पहिल्याच आठवड्यात हातात अ‍ॅनाटॉमीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक. मुली हुशार आहेत, कष्टाळू आहेत, हे मी शिक्षिका म्हणून कौतुकानं सांगत नाही. नाकातून पोटात जाणारी राइल्स ट्यूब टाकायला, लघवीसाठी कॅथेटर घालायला, लहान बाळाची शीर शोधायला त्यांचा हात कुणाहीपेक्षा कमी नाही. पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक समोर बसले की याच मुली खाली मान घालतात. थिअरीत बॅक राहतो, तोही अभ्यास न केल्यामुळे नाही.

आपल्या विभागाला हे ठाऊक नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्या सेमिस्टरला ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ हा विषय आहेच. प्रश्न असा आहे की त्या तासाला होतं काय. बहुतेक ठिकाणी बाहेरून कुणीतरी तासिका तत्त्वावर येतात, काळ शिकवतात, अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करून घेतात, रजेचा अर्ज लिहून घेतात. त्या बिचाऱ्यांनी वॉर्ड कधी पाहिलेला नसतो, त्यांचा दोष नाही. आणि आम्ही नर्सिंगचे ट्यूटर इंग्रजी शिकवायला शिकलेलो नसतो. दोघं कॉलेजच्या एकाच कॉरिडॉरमधून जातो, पण वर्गात कधी भेटत नाही.

वॉर्डातलं इंग्रजी निराळंच असतं. ते ट्रीटमेंट शीटवर असतं, व्हायलच्या, म्हणजे औषधाच्या कुपीच्या, लेबलवर असतं, सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना लिहिलेल्या नर्सेस नोट्समध्ये असतं. रक्तातली साखर कमी झाली की हायपो, वाढली की हायपर. दोन अक्षरांचा फरक, पण एकीत रुग्णाला तातडीनं साखर द्यायची आणि दुसरीत साखर देणं घातक. लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध आणि लोसेक हे अ‍ॅसिडिटीचं, ही नावं घाईच्या अक्षरात सारखीच दिसतात. परदेशात त्यावरून इतके घोळ झाले की अमेरिकेत लोसेकचं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ लिहिला तर तो शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. हे सगळं भाषेचंच शिक्षण आहे. पण आमच्याकडे ते इंग्रजीच्या तासाला होत नाही आणि फार्माकॉलॉजीच्या तासाला पोर्शन संपवायची घाई असते.

एक प्रसंग सांगते. प्रसूतिपूर्व वॉर्डात सातपुड्याच्या वरच्या पाड्यावरची एक गरोदर बाई होती, मराठी जेमतेम. रात्रपाळीत ती आमच्या विद्यार्थिनीला पावरीत म्हणाली की डोकं फुटतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी येतेय. मुलीनं लगेच बीपी घेतलं. १६० वर ११०. डॉक्टरांना उठवून मराठीत सगळं नीट सांगितलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सुरू झालं, बाई सुखरूप राहिली. सकाळी इन्चार्ज सिस्टरांनी नोट्स उघडल्या, तर तिथे दोनच इंग्रजी शब्द होते : ‘हेडेक’ म्हणजे डोकेदुखी, आणि ‘बीपी’. अंधारीचा उल्लेखच नाही. झटके येण्याआधीचं ते महत्त्वाचं लक्षण आहे, हे त्या मुलीला पक्कं माहीत होतं. पण ते इंग्रजीत कसं लिहायचं हे तिला येईना, म्हणून तिनं ते सोडून दिलं. त्या वॉर्डात रुग्णाचं बोलणं समजणारी ती एकटीच होती, आणि तेच कागदावर उतरलं नाही.

म्हणून मला दोन गोष्टी एकत्र मागायच्या आहेत. मुलींचं इंग्रजी वाढवा, आणि त्यांच्या घरच्या भाषेची नोंद घ्या. एकीसाठी दुसरी सोडायला लावू नका.

इंग्रजीसाठी नवीन काही शोधून काढायची गरज नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं आपल्या कम्युनिटी कॉलेजांत २००४ च्या सुमारास आय-बेस्ट नावाची पद्धत सुरू केली. त्याआधी तिथेही स्थलांतरित, कमी शिकलेल्या प्रौढांना आधी इंग्रजीच्या वर्गात बसवत आणि ते जमलं की मग नर्सिंग असिस्टंटसारख्या व्यवसायाच्या वर्गात पाठवत. दुसऱ्या वर्गापर्यंत फार थोडे पोहोचत. आय-बेस्टमध्ये त्यांनी दोन्ही शिक्षक एकाच वर्गात उभे केले, एक व्यवसायाचा आणि एक भाषेचा. बेड बाथ, म्हणजे रुग्णाला खाटेवरच अंघोळ घालणं, शिकवत असतानाच तो नोंदवायचा कसा तेही शिकवायचं. दोन शिक्षकांचा खर्च जास्त, म्हणून राज्य अशा वर्गातला एक विद्यार्थी पावणेदोन विद्यार्थी धरून कॉलेजला पैसे देतं. मला त्यातली ही पैशाची बाजू सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे चांगली कल्पना परिपत्रकात येते आणि तिचा खर्च प्राचार्यांच्या माथी जातो. यूजीसीनंही बाराव्या योजनेत कम्युनिटी कॉलेजची योजना आणली होती, पण आमच्या वॉर्डापर्यंत तिचं काही आलं नाही.

‘मग नर्सिंगच मराठीतून शिकवा’ असं सुचवणारे मला भेटतात. मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तकं काढली, तेव्हापासून जास्तच. माझा मराठीला विरोध कसा असेल? समजावून तर मी मराठीतच सांगते, आणि अडलं की एखाद्या मुलीला पावरीत सांगायला लावते. पण व्हायलचं लेबल मराठीत येत नाही आणि डॉक्टर ऑर्डर मराठीत लिहीत नाहीत. हे बदलेपर्यंत मुलींना मराठीत शिकवून वॉर्डात इंग्रजीच्या हवाली करणं मला पटत नाही. शिवाय पास झालेली मुलगी पुण्या-मुंबईच्या रुग्णालयात मुलाखतीला जाते, तिथे तिला शब्द सुचत नाहीत आणि ती परत येऊन कमी पगारावर गावातल्या नर्सिंग होममध्ये लागते. ही वजाबाकी आम्ही दरवर्षी बघतो.

सरकारला भाषा शिकवता येत नाही असंही नाही. २०२४ मध्ये आपल्याच सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत, आणि त्यांना सरकारी खर्चानं जर्मन शिकवायचं ठरलं. चांगलंच आहे, आमच्याही मुली जाऊ देत. पण श्टुटगार्टच्या रुग्णासाठी भाषेचे वर्ग काढता येतात तर धडगावच्या रुग्णासाठी का नाही, एवढंच विचारते.

आता घरच्या भाषेबद्दल. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघरी आहे. २०२३ मध्ये केंद्रानं त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तपासण्या होतात, कार्डं वाटली जातात. पण कार्डावर ‘एएस’, म्हणजे आजाराचा वाहक, असं लिहिलेल्या मुलामुलीला त्याचा अर्थ कोण सांगणार? तू आजारी नाहीस, पण तुझा जोडीदारही एएस निघाला तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजारी, असेल, हे लग्नाच्या तोंडावर असलेल्या घरात सांगायचं म्हणजे नुसती माहिती देणं नव्हे. तिथे रडारड होते, सोयरीक मोडेल म्हणून भांडणं होतात. मोडक्या मराठीत ते निभत नाही. आमची पावरी बोलणारी मुलगी ते तासाभरात शांतपणे करते. तिच्या प्रमाणपत्रावर, सेवापुस्तकात या कौशल्याची एक ओळही नसते. अशीच स्थिती मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या आणि गडचिरोलीत माडिया, गोंडी बोलणाऱ्या मुलींची असणार.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आदिवासी जिल्ह्यांतल्या नर्सिंग कॉलेजांत पहिली दोन वर्षं एक भाषाशिक्षक पूर्णवेळ द्या, आणि त्याचे निम्मे तास नर्सिंगच्या ट्यूटरसोबत डेमो रूममध्ये आणि वॉर्डात ठेवा. माणसं मिळतील. शहादा, तळोदा, नंदुरबारला इंग्रजीत एम.ए., बी.एड. झालेली मुलं-मुली तासिका तत्त्वावर दिवस काढत आहेत. त्यांना महिनाभर वॉर्डात फिरवायची जबाबदारी आम्ही ट्यूटर घेऊ. मात्र ‘स्पोकन इंग्लिश’चं टेंडर कृपा करून काढू नका. तसं एक येऊन गेलं, मुली ‘हॅव अ नाइस डे’ म्हणायला शिकल्या.

आणि इंटर्नशिपच्या मूल्यमापनात रुग्णाशी त्याच्या भाषेत केलेल्या समुपदेशनाला गुण ठेवा. त्यासाठी आरोग्य विद्यापीठाशी बोलावं लागेल, ते आपण करू शकता.

पहिल्या सेमिस्टरच्या इंग्रजीसाठी आम्ही काही ट्यूटरांनी वॉर्डातल्या जुन्या नोट्सवरून, रुग्णांची नावं वगळून, एक सरावसंच तयार केला आहे. आपल्या कार्यालयानं वेळ दिला तर तो घेऊन मंत्रालयात येऊ. सोमवार ते शनिवार क्लिनिकल पोस्टिंग असतं, त्यामुळे निदान आठवडाभर आधी कळवावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक सिस्टर ट्यूटर, नंदुरबार जिल्हा