रात्रपाळीच्या सिस्टरांना आभारपत्र

आदरणीय सिस्टर,

आपले नाव येथे लिहिणे आपल्याला रुचणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. आभार मात्र उघडपणेच मानायचे आहेत.

आमच्या दीड वर्षाच्या मुलीला तापात आकडी आली तेव्हा आम्ही प्रथम जिथे धावलो, तिथे मुलीला तपासण्याआधी तिच्या आईची उलटतपासणी झाली. ताप एवढा चढेपर्यंत काय करत होतात, औषध वेळेवर का दिले नाही, असे एकामागून एक विचारले गेले आणि उत्तर ऐकायला कोणी थांबले नाही. डोळे फिरलेले, हातपाय ताठ होऊन झटके देणारे मूल जिने नुकतेच मांडीवर धरले होते, तिला हे ऐकवण्याची काय गरज होती?

आपल्याकडे पोहोचलो तोवर झटके थांबून मुलगी गाढ झोपली होती. ही झोप की बेशुद्धी, या धास्तीने माझी पत्नी तिला सारखी हलवून हाका मारत होती. आपण तिला दटावले नाहीत. मुलीला कुशीवर वळवलेत, पत्नीचा तळहात धरून झबल्याच्या आत मुलीच्या पाठीवर टेकवलात आणि म्हणालात, "श्वास लागतोय ना हाताला? झटक्यानंतर मुलं दमून झोपतात. झोपू द्या तिला, हात असाच राहू द्या." पलीकडच्या खाटेवरून हाक आली तेव्हा "आलेच" म्हणालात खऱ्या, पण पत्नीची आवळलेली बोटे सैल पडेपर्यंत तिच्या हातावरचा आपला हात काढला नाहीत.

डॉक्टरांनी पुढे सगळे तपासले, समजावले. तरी तिच्या मनावरचे ओझे उतरवले ते आपणच. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना अशी आकडी येते, पुष्कळदा ताप आहे हे घरच्यांना कळण्याआधीच येते, आणि तापाच्या औषधाने मुलाला आराम पडला तरी आकडी टळेलच असे नाही, हे आपण तिला शांतपणे सांगितलेत. पहिल्या ठिकाणच्या मंडळींनाही हे ठाऊक असणारच. माणुसकी शिक्षणाबरोबर आपोआप येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

साधारण तिघांतल्या एका मुलाला आकडी पुन्हा येते, हेही आपण लपवले नाहीत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे, पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच रुग्णालय गाठायचे, हे आपण तिच्याकडून वदवून घेतलेत.

पुढच्या तापात आकडी खरोखरच आली. पत्नीने मुलीला कुशीवर वळवले आणि ती थांबेपर्यंत घड्याळ पाहत मला वेळ सांगत राहिली. नंतर आम्ही तिला दाखवूनही आणले. त्या वेळी पत्नीचा आवाज जराही कापला नाही, आणि त्याचे सगळे श्रेय आम्ही दोघेही आपल्याला देतो.

आपला ऋणी,
एका मुलीचा बाप