ऑर्गनवाल्या दोस्तास

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र पोचलं. नाटकांचा हंगाम आटोपला की नाटक कंपन्यांचं वडसा सुनं पडतं, हातात पैसा राहत नाही; व्हिडिओ गेमच्या आवाजाच्या कामावर पोट भरेल काय, असं विचारलंस.

गेल्या आठवड्यात मी गेमसाठी नुसती पावलं केली, म्हणजे पावलांचे आवाज. दलदलीतली, सुक्या रानातली. प्रत्येक जमिनीची दहा-बारा वेगळी पावलं लागतात, कारण तोच आवाज लागोपाठ वाजला की कानाला खटकतो. दलदलीसाठी पहाटे तीनला धानाच्या बांधीत उतरलो. ट्रॅक्टर, मोटारी गप्प होत्या, पण बेडकं थांबेनात. शेवटी घमेलंभर चिखल घरी आणला, गोधड्या टांगलेल्या खोलीत त्यात हात थापले. रानासाठी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली तेंदूपानं, हाडं मोडल्याच्या आवाजाला धुऱ्यावरच्या तुराट्या.

पण तुझं खरं काम संगीतात आहे. गेमच्या संगीताला ठरलेला शेवट नसतो. खेळणारा गुहेच्या तोंडाशी दहा सेकंद थांबेल की दहा मिनिटं, कोणाला ठाऊक? म्हणून संगीत थरांमध्ये रचतात: आधी नुसता आधारसूर, शत्रू जवळ आला की त्यावर ढोल. कोणता थर केव्हा उघडायचा, ते एफमॉड किंवा वाईज या गेमच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवतात. लेका, नटाची एंट्री लांबली की तू तेच चार सूर घोळवत बसतोस आणि तो दिसताच तबलजीला खूण करून समेवर उचलतोस. ते हेच तर आहे! मला शिकायला दोन वर्षं लागली.

पैशाचं स्पष्ट सांगतो. मला पगार नाही. संगीताचे मिनिटावर, आवाजांचे नगावर मिळतात. पहिल्या कामाचे बुडाले. सगळं फोनवरच ठरलं होतं. आता अर्धे आगाऊ घेतो. दुरुस्त्या किती, हक्क कोणाचे, सगळं लिहून घेतो. तरी कधी दोन-दोन महिने कोरडे जातात, तेव्हा घर धानावरच चालतं. म्हणून नाटक सोडू नकोस. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर 60 दिवस फुकट वापरता येतं, त्यावर हात बसव.

रोवणी झाली की ये. बाबांचा तो जुना पायपेटीचा ऑर्गन घेऊनच ये. झोपलेल्या राक्षसाचा श्वास करायचा राहिलाय, आणि त्या भात्याचा आवाज माझ्या कानातून जात नाही.

तुझाच